यष्टीरक्षकच पुढे चांगले कोच का होतात? आणि मैदानात त्यांचं ऐकतं कोण?

मार्च २०२४. वांद्रे-कुर्ला संकुलातलं शरद पवार क्रिकेट अकादमीचं मैदान. रणजी करंडकाच्या उपांत्य फेरीत मुंबईसमोर तमिळनाडू. तमिळनाडूचा पहिला डाव १४६ धावांत संपलेला, पण मुंबईचीही अवस्था ७ बाद १०६. अशा वेळी नवव्या क्रमांकावर पालघरचा शार्दुल ठाकूर खेळायला आला आणि १०४ चेंडूंत १०९ धावा करून गेला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं त्याचं हे पहिलं शतक. मुंबईने ३७८ धावा केल्या, तमिळनाडूला दुसऱ्या डावात १६२ धावांत गुंडाळलं आणि सामना एक डाव ७० धावांनी जिंकला. तोही तिसऱ्याच दिवशी.

शार्दुलच्या शतकाचे व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनीच पाहिले. पण त्याच दिवशी एक दुसरी बातमीही पसरली होती. हरलेल्या संघाच्या कोचने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की, आपण हा सामना पहिल्या दिवशी सकाळी ९ वाजताच हरलो होतो. म्हणजे नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, तिथेच.

या कोचचं नाव सुलक्षण कुलकर्णी. मुंबईचा माणूस, मुंबईचा माजी यष्टीरक्षक, भारतासाठी एकही सामना न खेळलेला. पुढच्या मोसमात तमिळनाडूच्या कोचच्या खुर्चीत लक्ष्मीपती बालाजी होते.

एका वाक्यामुळे नोकरी गेली, असं या प्रकरणाबद्दल बरेचदा म्हटलं जातं. पण क्रिकेटमध्ये कोचला अधिकार किती असतो, आणि जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडते, हा त्यामागचा खरा प्रश्न. आणि तो फक्त चेन्नईचा किंवा वांद्र्याचा नाही. बोईसरच्या शाळेच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्या पोरापर्यंत तो येऊन पोहोचतो.

नेमकं काय झालं होतं?

तमिळनाडूचा संघ ७ वर्षांनी रणजीच्या उपांत्य फेरीत आला होता. त्याआधी २०१७ च्या जानेवारीत राजकोटला हाच टप्पा गाठला, तेव्हाही मुंबईनेच बाहेर काढलं होतं. (पृथ्वी शॉने पदार्पणात शतक केलं तो सामना.) त्यामुळे कर्णधार साई किशोरचं आधीच कौतुक सुरू होतं. नाणेफेक त्याने जिंकली आणि फलंदाजी घेतली. पहिल्याच षटकात शार्दुलने साई सुदर्शनला बाद केलं. बघता बघता निम्मा संघ ४२ धावांत तंबूत परतला.

कुलकर्णी यांचं म्हणणं साधं होतं. आपण मुंबईत वाढलो, इथली खेळपट्टी सकाळी कशी वागते ते आपल्याला ठाऊक आहे, गोलंदाजीच घ्यायला हवी होती. पण मैदानात शेवटचा शब्द कर्णधाराचा. कोच सल्ला देऊ शकतो, निर्णय घेऊ शकत नाही.

यावर सगळ्यात आधी तुटून पडला तो दिनेश कार्तिक. तमिळनाडूचाच आणि भारताचा माजी यष्टीरक्षक. सात वर्षांनी संघाला इथवर आणणाऱ्या कर्णधाराची पाठराखण करायची सोडून कोचने त्याला उघड्यावर पाडलं, हे चूक आहे, अशा अर्थाची पोस्ट त्याने एक्सवर टाकली. लोकांनी ती उचलून धरली. एका कीपरने दुसऱ्या कीपरचा घेतलेला हा समाचार होता, ही गंमत त्या गदारोळात फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

आता धावफलक पुन्हा एकदा बघा. मुंबई ७ बाद १०६ होती, तेव्हा ती तमिळनाडूच्या ४० धावा मागे होती. साई किशोरने त्या डावात ६ बळी घेतले. म्हणजे नाणेफेकीचा निर्णय चुकला असेल असं धरलं, तरी त्या क्षणापर्यंत त्याची भरपाई झालेली होती. सामना गेला तो त्यानंतर. मुंबईच्या शेवटच्या तीन जोड्यांनी मिळून २७२ धावा जोडल्या. आठव्या विकेटसाठी शार्दुल आणि यष्टीरक्षक हार्दिक तामोरे यांनी १०५ धावांची भागीदारी केली. (तामोरे हे आडनाव पालघरच्या किनारपट्टीवर कुणालाही नवं नाही.) पुढे तनुष कोटियन ८९ धावांवर नाबाद राहिला.

त्यामुळे ‘९ वाजता हरलो’ हे कुलकर्णींचं म्हणणं क्रिकेटच्या हिशेबात पूर्ण बसत नाही. खेळपट्टीचं वाचन बरोबर असेलही, पण पराभवाचं खापर नाणेफेकीवर फोडणं सोयीचं होतं. आणि समजा सगळं बरोबर असतं, तरी ते ड्रेसिंग रूमच्या आत बोलायचं होतं. इथे कार्तिकचा मुद्दा मान्य करावा लागतो.

तरीही एक गोष्ट उरते. ज्या माणसाला खेळपट्टी वाचता येते म्हणून संघाने मुंबईहून बोलावून घेतलं, त्याचं खेळपट्टीबद्दलचं मत त्या सकाळी चाललं नाही. आणि हरल्यावर संघटनेने बदललं ते त्यालाच.

यष्टींमागून काय दिसतं?

फलंदाज स्वतःपुरता खेळतो. गोलंदाज सहा चेंडू टाकून फाइन लेगला जाऊन उभा राहतो. डावाचा प्रत्येक चेंडू जवळून बघणारा, प्रत्येक चेंडूवर बसून उठणारा क्षेत्ररक्षक एकच, तो कीपर. चेंडू किती उसळला, थांबून आला की घसरला, हे सगळ्यात आधी त्याच्या हातमोज्यांना कळतं. फलंदाजाचा पाय कुठे पडतोय, गोलंदाज दमलाय का, पॉइंटचा क्षेत्ररक्षक दोन पावलं मागे गेलाय का, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं. कर्णधार मिड-ऑफला उभा असला तर डीआरएस घ्यायचा की नाही, हे तो कीपरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो.

दुसरं कारण जरा कडू आहे. संघात कीपर एकच लागतो. चांगले पाच फलंदाज असतील तर पाचही खेळतात, पण चांगले दोन कीपर असतील तर एक बाहेर बसतो. मग तो दुसऱ्या राज्यात जातो, तिथे दोन-तीन मोसम काढतो, परत येतो. नव्या संघात, नव्या भाषेत, नव्या गोलंदाजांशी जमवून घेणं हे त्याचं रोजचं काम होऊन बसतं. पुढे कोच झाल्यावर नेमकं हेच भांडवल कामी येतं. भारताची टोपी न मिळालेल्या कीपरला खेळ थांबल्यावर समालोचनाचं किंवा जाहिरातीचं आमंत्रण येत नाही, त्यामुळे कोचिंगकडे तो फावल्या वेळचा उद्योग म्हणून बघत नाही. तेच त्याचं पोट असतं.

जगभरात हे दिसतं. अँडी फ्लॉवर झिम्बाब्वेचा कीपर, पुढे त्याच्या हाताखाली इंग्लंडने २०१० चा टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०१०-११ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस जिंकली. इंग्लंडच्या कसोटी संघाला ‘बॅझबॉल’ शिकवणारा ब्रेंडन मॅकलमही कीपर. २०२५ मध्ये बंगळूरुने पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा त्यांच्या कोचांमध्ये फ्लॉवर आणि दिनेश कार्तिक हे दोन कीपर होते. वांद्र्याच्या त्या सामन्यावर पोस्ट लिहिणारा कार्तिक तोवर स्वतःही कोच झाला होता!

बेसबॉलमध्ये हीच गोष्ट वेगळी कशी घडते?

अमेरिकेत बेसबॉलमध्ये ‘कॅचर’ असतो. चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या समोर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला, तोंडावर जाळी आणि छातीवर चिलखत घातलेला खेळाडू. बाकी सगळ्या क्षेत्ररक्षकांची तोंडं त्याच्याकडे आणि त्याचं तोंड सगळ्या मैदानाकडे. पिचरने कोणता चेंडू टाकायचा याची खूणही बरेचदा तोच करतो.

तिथे मुख्य स्पर्धेच्या खाली ‘मायनर लीग’ नावाची उतरंड असते. आपल्याकडे क्लब क्रिकेट, मग २३ वर्षांखालील संघ, मग रणजी असं वर चढावं लागतं, तसंच काहीसं. या उतरंडीतच अडकून पडलेले कॅचर पुढे मोठे कोच झाल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. जिम लेलँड हे डेट्रॉइटच्या संघाशी बांधलेले कॅचर. मुख्य स्पर्धेत त्यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही. विशीतच खेळ सोडून त्यांनी छोट्या गावांतले संघ सांभाळायला घेतले, बसने प्रवास करत अकरा मोसम घालवले आणि शेवटी १९८६ मध्ये पिट्सबर्गचा मुख्य संघ हाती आला. १९९७ मध्ये त्यांच्या फ्लोरिडा मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२४ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. खेळाडू म्हणून जिथे दार उघडलं नाही, तिथे कोच म्हणून भिंतीवर नाव लागलं.

जो मॅडनही तसेच. कॅचर, तेही उतरंडीच्या तळाशीच राहिलेले. एकाच संघटनेत तीसेक वर्षं शिकवण्याची, खेळाडू हेरण्याची कामं करत राहिले. २०१६ मध्ये त्यांच्या शिकागो कब्जने १०८ वर्षांचा दुष्काळ संपवून विजेतेपद मिळवलं.

पण आपल्या कहाणीत महत्त्वाचा आहे तो इथला फरक. बेसबॉलमध्ये लेलँड किंवा मॅडन यांना ‘मॅनेजर’ म्हणतात आणि संघात कोण खेळणार, कुठल्या क्रमाने खेळणार, पिचर कधी बदलायचा हे सगळं तोच ठरवतो. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून मैदानाच्या कडेला बसतो आणि वाटलं तर खेळ थांबवून मध्ये चालत जातो. हरला तर जातो, पण स्वतःच्या निर्णयामुळे जातो.

क्रिकेटमध्ये हा अधिकार कर्णधाराकडे आहे. नाणेफेकीला कोच जात नाही. गोलंदाजी बदलायला तो आत येऊ शकत नाही. फार तर पाण्याच्या बाटलीबरोबर एखादा निरोप पाठवेल. पाच दिवसांचा खेळ असा बाहेरून चालवता येत नाही, हे खरंच आहे, आणि कर्णधाराला हे स्वातंत्र्य असणं हा क्रिकेटचा जीव आहे. मात्र पराभवानंतर राज्य संघटनेची बैठक बसते, तेव्हा हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो.

मुंबईच्या खुर्चीत किती जण बसले?

कीपर-कोचची परंपरा मुंबईइतकी क्वचितच कुठे असेल. २०१५ ते २०२० या काळात मुंबईचे सलग तीन कोच यष्टीरक्षक होते. चंद्रकांत पंडित, मग समीर दिघे, मग विनायक सामंत.

यातले पंडित म्हणजे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. कोच म्हणून मात्र सहा रणजी करंडक: मुंबईबरोबर २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६, विदर्भाबरोबर २०१७-१८ आणि २०१८-१९, मध्य प्रदेशबरोबर २०२१-२२. शेवटचा विजय तर सिनेमात शोभेल असा. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून पंडित बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना हरले होते. २३ वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच राज्याचे कोच म्हणून ते जिंकले. समोर मुंबई होती आणि मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार.

समीर दिघे ६ कसोटी खेळले. २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या क्षणी हरभजनबरोबर टिकून राहिलेला कीपर म्हणून ते अजून अनेकांच्या लक्षात आहेत. मुंबईचे कोच म्हणून एक मोसम, २०१७-१८. त्यानंतर सामंत. हे भारतासाठी खेळलेले नाहीत, पण मुंबईच्या रणजीविजेत्या संघाचे यष्टीरक्षक होते. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१८ मध्ये विजय हजारे करंडक जिंकला. रणजीत मात्र दोन मोसम साखळीतच गारद. मग खुर्ची रिकामी.

पुढची यादी: अमित पागनीस, रमेश पोवार, अमोल मुझुमदार आणि २०२३ पासून ओंकार साळवी. आठ वर्षांत सात नावं. पोवार यांनी तर मार्च २०२१ मध्ये विजय हजारे करंडक जिंकून दिला आणि दोन महिन्यांत ते भारतीय महिला संघाकडे गेले.

या यादीत सुलक्षण कुलकर्णी नाहीत, कारण त्यांचा काळ आधीचा. जानेवारी २०१३ मध्ये वानखेडेवर सौराष्ट्राला डावाने हरवून मुंबईने ४० वा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार अजित आगरकर होता आणि कोच कुलकर्णी. पुढे छत्तीसगडला रणजीत नव्याने प्रवेश मिळाला, त्या पहिल्या मोसमात म्हणजे २०१६-१७ मध्ये त्या संघालाही त्यांनीच शिकवलं. मुंबईत जिंकायचं, कोऱ्या पाटीच्या राज्यात शून्यातून उभं करायचं, मग आणखी दूर चेन्नईला जायचं. कोचच्या आयुष्याचा हा नमुनेदार नकाशा आहे. बहुतेक वेळा करार मोसमापुरता, आणि घर मुंबईतच.

पालघरच्या दृष्टीने त्या २०१२-१३ च्या मोसमात आणखी एक गोष्ट घडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध शार्दुल ठाकूरने मुंबईकडून रणजीत पदार्पण केलं. तेव्हा कोच होते कुलकर्णी. सुरुवात अगदीच फिकी होती. पहिल्या चार सामन्यांत मिळून चार बळी, तेही ८२ च्या सरासरीने. अशा आकड्यांवर अनेकांची रणजी कारकीर्द तिथेच संपते. शार्दुलची संपली नाही. पुढच्या मोसमात २७ बळी, त्याच्या पुढच्यात ४८. आणि २०१५-१६ च्या अंतिम सामन्यात पुण्यात गहुंज्याच्या मैदानावर दुसऱ्या डावात २६ धावांत ५ बळी. तेव्हा कोच होते पंडित.

म्हणजे ज्याने २०१२ मध्ये शार्दुलला मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये पहिल्यांदा बसलेलं पाहिलं, तोच माणूस २०२४ मध्ये समोरच्या ड्रेसिंग रूममधून त्याचं शतक बघत होता. मुंबईची शेपूट काय करू शकते, हे तमिळनाडूच्या तंबूत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बोईसरपासून बोरिवलीपर्यंत

राज्याच्या संघातला कोच असा सल्लागार होऊन बसतो. पण उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे शाळेत, कोचकडे सगळा अधिकार असतो. कोण खेळणार, कितव्या क्रमांकावर खेळणार, कुणाला गोलंदाजी द्यायची, सगळं तोच ठरवतो. कर्णधार चौदा वर्षांचा असतो आणि सर सांगतील तसं करतो. बेसबॉलच्या मॅनेजरला क्रिकेटमध्ये सगळ्यात जवळचा कुणी असेल, तर तो हा शाळेचा सर.

२००६ ची गोष्ट. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचा सामना बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरशी होता. बोईसरच्या संघातल्या एका मुलाने ७८ धावा केल्या आणि ५ बळीही घेतले. समोरच्या संघाचे कोच होते दिनेश लाड. १९९९ मध्ये रोहित शर्माला असंच एका सामन्यात हेरून, त्याची महिना २७५ रुपयांची फी माफ करवून घेऊन आपल्या शाळेत आणणारे हेच लाड. ऑफस्पिन टाकणाऱ्या त्या मुलाला फलंदाजीत वर पाठवणारेही हेच. लाड स्वतः भारतासाठी खेळलेले नाहीत.

लाड यांनी शार्दुलला बोरिवलीच्या शाळेत बोलावलं. अडचण एकच होती, पण मोठी. पालघरजवळच्या माहीम गावातलं शेतकरी कुटुंब, मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर आणि प्रवास एका बाजूने दोन-अडीच तासांचा. आजच्या वाचकाला कदाचित कल्पना येणार नाही, म्हणून सांगायला हवं: तेव्हा मुंबईची लोकल विरारला संपत होती. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. त्यापुढे पालघर, बोईसर, डहाणूकरांना शटल, मेमू किंवा थांबणारी एखादी लांब पल्ल्याची गाडी. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. शार्दुलने त्याआधीच रणजी पदार्पण केलं होतं. पालघर जिल्हा तर त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तोवर हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

वडिलांची काळजी रास्त होती. तेव्हा लाड यांनी त्याला सरळ आपल्या घरी ठेवून घेतलं. साधारण वर्षभर शार्दुल लाडांच्या घरात राहिला. लाडांचा मुलगा सिद्धेश त्याच घरात वाढत होता. पुढे २०१५-१६ च्या त्याच रणजी अंतिम सामन्यात सिद्धेशने मुंबईसाठी ८८ धावा काढल्या आणि शार्दुलने ५ बळी घेतले. एकाच स्वयंपाकघरातून डबा घेऊन निघालेली दोन मुलं.

शाळा बदलल्यानंतर शार्दुलने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या दिवशी लाडांनी त्याला पाहिलं, त्या दिवशी तो बोईसरच्या शाळेकडून खेळत होता, म्हणजे तिथेही कुणीतरी त्याला आधी घडवलं होतंच. या भागातल्या शाळांमधले क्रीडाशिक्षक हजेरी, कवायत, निवडणुकीची कामं असं सगळं सांभाळून संघ बांधतात, पोरांना घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जातात. खेळाडू मोठा झाला की त्याच्या चरित्रात त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादंच वाक्य येतं.

लाड यांना २०२२ मध्ये जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तोही रोहित भारताचा कर्णधार झाल्यावर. शालेय कोचचं मोल ठरतं ते असंच, पंचवीस वर्षांनी, आणि शिष्य किती वर गेला त्यावर. शंभर मुलांना नीट शिकवून त्यातलं एकही भारतासाठी खेळलं नाही, तर त्या सरांना कुठला पुरस्कार मिळणार?

आता परिस्थिती बदलली आहे का?

थोडी. पालघर, बोईसरचा मुलगा पूर्वीसारखाच मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईच्या संघाचं दार त्याला उघडं आहे. लोकल डहाणूपर्यंत जाते. पण विरारपुढे गाड्या मोजक्याच, एक चुकली तर पुढचीसाठी ताटकळत बसायचं. विरार-डहाणू चौपदरीकरणाचं काम हाती घेतलेलं आहे. सकाळी ९ चा सामना दक्षिण मुंबईतल्या मैदानावर असला, तर क्रिकेटचं किट खांद्यावर टाकून बोईसरच्या मुलाला अंधारातच घर सोडावं लागतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर शार्दुल अंधेरीहून पालघरला लोकलने गेला, तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं. त्याच्यासाठी मात्र ती रोजचीच वाट होती.

बोईसर-तारापूरची ओळख देशाला आहे ती अणुऊर्जा केंद्राची आणि एमआयडीसीच्या कारखान्यांची. नोकरीसाठी बाहेरून आलेली कुटुंबं, कंपन्यांच्या वसाहती, त्यांच्या शाळा, त्यांची मैदानं यामुळे इथे संघ तयार व्हायला जागा आहे. मुलांची वाणवा नाही. आठवड्यातले पाच दिवस त्यांच्याबरोबर मैदानावर उभा राहील असा शिकलेला कोच मात्र हवा, आणि त्याला त्यावर घर चालवता यायला हवं. भारतीय क्रिकेट मंडळाच्या कोचिंगच्या लेव्हल एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत. पण वरची पायरी गाठलेला माणूस साहजिकच तिथे जातो जिथे पैसे आहेत: मुंबईतल्या अकादम्या, दुसऱ्या राज्यांचे संघ, आयपीएल. ज्याने मुंबईकडून चार-पाच मोसम यष्टीरक्षण केलंय, तो बोईसरच्या शाळेत येऊन का थांबेल, याचं उत्तर आज कुठल्याच संघटनेकडे दिसत नाही. आणि पालघरच्या एखाद्या मुलाला आजही कुणा लाड सरांच्या घरी राहायला जावं लागणार असेल, तर ती व्यवस्था नव्हे. ती एका माणसाची माया झाली.

मोठं नाव नसलेल्या कोचवर विश्वास टाकला तर काय होतं, याची उदाहरणं अगदी ताजी आहेत. सचिनला घडवणारे रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, ही जुनी गोष्ट झाली. ओंकार साळवी यांच्या नावावर रेल्वेकडून खेळलेला लिस्ट ए दर्जाचा फक्त एक सामना आहे. त्यांच्याच हाताखाली मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला. शार्दुलने त्या अंतिम सामन्यातही पडझडीत ७५ धावा काढल्या. वर्षभराने आयपीएल जिंकणाऱ्या बंगळूरुचे गोलंदाजी कोच साळवीच होते. रणजीत ढीगभर धावा करूनही भारताची टोपी न मिळालेले अमोल मुझुमदार यांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाला विश्वचषक जिंकताना पाहिलं, संघाचे मुख्य कोच म्हणून.

मुझुमदार यांच्या बाबतीत एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. त्या स्पर्धेत भारत साखळीत सलग तीन सामने हरला होता. कोचला काढा, अशी ओरड समाजमाध्यमांवर सुरू झाली होती. तेव्हा कुणी घाई केली असती, तर विश्वचषकाच्या त्या फोटोत दुसराच माणूस उभा असता, किंवा तो फोटोच नसता.

शार्दुलचं पुढे काय झालं? अजिंक्य रहाणेने कर्णधारपद सोडल्यावर २०२५-२६ च्या रणजी मोसमासाठी मुंबईची धुरा त्याच्याकडे आली. बोईसरच्या शाळेकडून खेळलेला मुलगा ४२ वेळच्या विजेत्यांचा कर्णधार. सामन्याच्या सकाळी ब्लेझर घालून तो खेळपट्टीवर जातो. कोच सीमारेषेबाहेर उभे असतात. नाणेफेक जिंकली तर काय करायचं, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलेलं असतं. ते ऐकायचं की नाही, हे आता शार्दुलने ठरवायचं.